येताना भाता आणा

मी लोहाराची लेक आणि संस्कृतची बाई. हे दोन्ही एका दमात सांगायला मला आता काही वाटत नाही. उलट कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली तर मुद्दाम पुन्हा सांगते. पण बहात्तर सालच्या सुगीपर्यंत ही दोन वाक्यं माझ्या तोंडून कधी एकत्र निघाली नव्हती. लोहार गावाकडे आणि संस्कृत शाळेत, अशी मी दोघांची वाटणी करून टाकली होती.

श्रीरामपूरच्या अलीकडे एका बाजारगावातल्या हायस्कुलात मी आठवी-नववीला संस्कृत शिकवत असे. नेमणूक तात्पुरती. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला तो संपलेला. वरच्या वर्गांना जे शिक्षक संस्कृत शिकवत, त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणे. ते त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची कायम जागा मोकळी होणार होती. ती मला मिळाली तर मी जन्माची मास्तरीण. नाही मिळाली तर पेटी उचलायची आणि गावाकडे परत. तिथं माझी आत्या माझ्या लग्नासाठी कंबर कसून बसली होती. "येवढी शिकलेली लोहारीन करतंय कोन?" असं तिचं सारखं चालायचं. तिनं शोधून काढलेला नवरा चौथी नापास होता, आणि बायको पुस्तक घेऊन बसलेली त्याला खपणार नाही, असं त्यानं आधीच कळवून ठेवलं होतं.

जागा कुणाला मिळणार हे दोन माणसांवर होतं. एक, तपासणीला येणारे शिक्षणखात्याचे साहेब. दुसरे, गुरुजी. गुरुजींचं मत त्यांनी मला तोंडावरच ऐकवलं होतं. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

"बाई, तुमचं पाठांतर चोख आहे. उच्चार स्वच्छ आहेत. पण संस्कृत घरात असावं लागतं. बाहेरून आणलेलं मुरत नाही."

माणूस वाईट नव्हता हो. खोटं बोलायचं नाही आणि मनात ठेवायचं नाही, असा त्यांचा खाक्या. पण संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत आणि मराठीत वर्म म्हणजे दुखरी जागा; गुरुजींनी बोट ठेवलं ते नेमकं मराठी वर्मावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तात्पुरत्या माणसाचा तिळपापड आतल्या आतच होतो. मी हसले आणि फळा पुसायला गेले.

युद्ध संपून दोन-अडीच महिने झाले होते. नगरच्या छावणीकडे जाणाऱ्या लष्कराच्या गाड्या कुणाला रस्त्यात दिसल्या की आठ दिवस वर्गात दुसरं बोलणं नसे. पोरं वहीच्या शेवटच्या पानावर रणगाडे काढायची. हे बघून हेडमास्तरांच्या डोक्यात आलं, की साहेब येतील त्या दिवशी प्राचीन भारतातल्या शस्त्रांचं आणि चिलखतांचं प्रदर्शन मांडायचं. गुरुजींनी बसल्या बैठकीला यादी काढून दिली. तोमर, परशु, परिघ, पट्टिश, भिंदिपाल, खड्ग, बाणांचे प्रकार, कवच, शिरस्त्राण. प्रत्येकापुढं सुवाच्य अक्षरात अर्थ.

"पुठ्ठ्याची करा सगळी," हेडमास्तर म्हणाले, "आणि वरून चंदेरी कागद लावा."

पुठ्ठा! लोहाराच्या लेकीसमोर तलवारीला पुठ्ठा! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी विचार न करता बोलून बसले.

"पुठ्ठ्याची कशाला? खरी लोखंडाची करू. आमच्या गावचा लोहार घडवून देईल."

आमच्या गावचा लोहार म्हणे! 'माझे वडील' एवढे दोन शब्द उच्चारायला काय धाड भरली होती मला? पण जीभ तिथंच अडली. हेडमास्तरांना माझी जात कागदावरून ठाऊक होती. लोहार म्हणजे माझा सख्खा बाप हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं, आणि बाकी शिक्षकांना तर काहीच माहीत नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं.

रविवारी गावी गेले. गाव तिथून आठ-नऊ मैल. आबा ऐरणीपाशी होते. सुगी तोंडावर आलेली, त्यामुळे विळ्यांना धार लावून घ्यायला माणसांची रीघ लागली होती. ती ओसरल्यावर मी यादी काढली आणि त्यांना एकेक नाव वाचून दाखवू लागले. आबा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर लावून लावून वाचत, पण लोखंडाचं सांगितलं की त्यांना एकदाच सांगावं लागे.

"आबा, आयुधांचे चार प्रकार. हातातून सुटतं ते मुक्त. हातातच राहतं ते अमुक्त. फेकताही येतं आणि धरून मारताही येतं ते मुक्तामुक्त. आणि यंत्रातून सुटतं ते यंत्रमुक्त."

"म्हंजे भाला मुक्तामुक्त," आबा लगेच म्हणाले. "तुझी नोकरीबी तसलीच म्हन की. हातात हाय का सुटली, कळत न्हाई."

आई चहा घेऊन आली होती, ती त्यांच्यावर खेकसली. मला मात्र हसू आवरेना.

मग परिघ आला. मी वाचलं, लोखंडानं मढवलेला लांब सोटा. दाराच्या अडसरालाही परिघच म्हणतात.

"आगं, मग सरळ हाय की! चोर आला आसंल दारात, आन घरधन्यानं आडसरच उपसून हानला आसंल टाळक्यात. पुढं त्याचंच हत्यार झालं."

मुसळ हेही शस्त्र, नांगर हेही शस्त्र, कुऱ्हाड म्हणजे परशु. आबांना मजा येऊ लागली. "समदं घरातलंच सामान हाय हे. नावं तेवढी लांब ठिवल्यात." सुरीला संस्कृतात असिपुत्री म्हणतात, म्हणजे तलवारीची लेक, असं सांगितल्यावर त्यांनी आईला हाक मारून विळीचं नातं समजावून सांगितलं. आई म्हणाली, तलवारीच्या लेकीला म्हणावं कांदा तेवढा नीट चिर.

भिंदिपालापाशी गाडी अडली. कुणी म्हणतं तो आखूड भाला, कुणी म्हणतं गोफण. आबांनी हात झटकले. "म्हंजे लिवणाऱ्यानं बघितलंच न्हाई ते. न बघितलेलं मी घडवीत नसतो." तसंच क्षुरप्राचं झालं. तो बाणाचा एक प्रकार, पण त्याचं फळ कसं दिसतं ते मलाच सांगता येईना. गुरुजी म्हणाले होते, अर्धचंद्रासारखं असावं. 'असावं' यावर आबा लोखंड तापवायला तयार नव्हते. ते दोन्ही राहिलं.

यादी संपली तशी त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"समदं करून देतो. गाडीत घालून मी सोता घिऊन येतो. पर पोरी, मी लोहार म्हनून यीन. बाप म्हनून न्हाई."

"असं का हो, आबा?"

"तुझी जागा पक्की व्हायची हाय. पोरं मागून लोहारीन म्हनत्याल, मास्तर लोक तोंडं वाकडी करत्याल. येक डाव कागद हातात पडू दे, मग काय ते बोल. तवर मी तुला वळखत न्हाई."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. हो म्हणायला नको होतं, हे मला तेव्हाच कळत होतं, तरी म्हणाले. माझ्या मनात होतं तेच ते बोलले, आणि त्याचा मला सुटल्यासारखा आनंद झाला. आज लिहिताना हात जड होतो, पण जे झालं ते झालं.

पुढचे तीन आठवडे आबांनी दिवसा गावाचे विळे केले आणि पहाटे उठून माझी शस्त्रं. तोमर केला तो सहा हात लांब. दांडा बाभळीचा आणि फळ असं निमुळतं की बोट लावायची भीती वाटावी. परशु केला. पट्टिश केला. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून त्याची तळहाताएवढी पानं केली आणि एकावर एक येतील अशी तारेनं ओवून चिलखत केलं. मी ते अंगात घालून पाहिलं, तर खांदे भरून आले. चिलखताला संस्कृतात तनुत्र म्हणतात, तनूला तारतं ते. आबा म्हणाले, काखंत मोकळं सोडलंय, नायतर गड्याला हात कसा उगारता यायचा? पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की त्या रविवारी मी बसमध्ये उगाचच शेजारणीला सांगितलं, आमच्याकडे चिलखतं बनवतात. ती म्हणाली, कुठं, फॅक्टरीत का?

साहेब यायच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या लक्षात आलं, की बाण आहेत पण ते ठेवायला काही नाही. "योद्ध्यानं काय पिशवीत घालून न्यायचे का, बाई?" माझी तारांबळ उडाली. आमच्या गावाहून एक मुलगी शाळेत येई; मी कुणाची ते तिला ठाऊक होतं, पण कुठं बोलायचं नाही असं मी तिला बजावून ठेवलं होतं. तिच्या हाती मी घाईघाईनं चिठ्ठी दिली. एका ओळीची चिठ्ठी:

आबा, येताना भाता आणा.

मला वाटलं, आबा गावातल्या चांभाराकडून कातड्याची लांबट पिशवी शिवून घेतील. बाणांविषयी इतकं बोलणं झालं होतं, कळेलच त्यांना. तिकडे मुलींनी मोठ्या अक्षरात पाटी तयार केली: 'भाता. संस्कृत नावे: तूणीर, निषंग, इषुधी. योद्धा हा पाठीवर बांधत असे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरं पातळ नेसून हेडमास्तरांबरोबर फाटकाशी उभी होते. हातात हार. साहेबांची जीप आली, लेझीम झालं, स्वागतगीत झालं. आबा पहाटेच येऊन मागच्या अंगणात सगळं मांडत आहेत एवढं शिपायानं सांगितलं होतं. तिकडे जायला मला फुरसतच मिळाली नाही. साहेबांना घेऊन आम्ही वळसा घालून अंगणात आलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

लिंबाच्या झाडाखाली दोन खांब रोवलेले. त्यांच्यामध्ये आमच्या घरचा भाता. लोहाराचा भाता! बैलाच्या कातड्याचा, आजोबांच्या हातचा, भट्टीला वारा घालायचा तो. आबांच्या लग्नातसुद्धा तो जागचा हलला नव्हता. आज सुगीच्या ऐन तोंडावर भट्टी विझवून, खांब उपसून, बैलगाडीत घालून त्यांनी तो आणला होता. आणि भाता आणायचा म्हणजे तिथं काम असणार, म्हणून सोबत ऐरण, सांडशी, हातोडे, पोतंभर कोळसाही. आणि मुलींनी इमानेइतबारे त्या भात्यावर पाटी लावली होती. पाटीवर भाता लिहिलं होतं, आणि समोर भाताच होता. त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं?

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "योद्धा हा पाठीवर बांधत असे." भात्याकडे पाहिलं. "योद्धा होता की रेडा?"

हशा पिकला. पोरं हसली, शिक्षक हसले, शिपाईसुद्धा हसला. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचं पाणी पळालं. गुरुजी सावरून घ्यायला पुढं झाले.

"लोहारानं घोटाळा केला, साहेब. अडाणी माणूस. भाता म्हटल्यावर त्याला हाच ठाऊक."

आबांनी हात जोडले. सहा फुटी माणूस, पण त्या क्षणी खांद्यातून वाकला.

"व्हय साहेब, मीच चुकलो. बाईंनी बराबर सांगितलं हुतं. आमी आडानी मानसं."

बाई! माझा बाप मला बाई म्हणत होता, आणि माझी चूक स्वतःच्या माथी घेत होता. आणि चूक तरी कसली? भाता म्हटल्यावर लोहाराला भाता आठवला. आठवला नाही तो मला! ज्या भात्याच्या वाऱ्यावर मी वाढले, तो डोक्यातून पुसून मी पुस्तकातला भाता लिहून पाठवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. तो माझा स्वभावच आहे.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "चिठ्ठी माझी होती. आणि साहेब, पाटीवरचा शब्दही चुकलेला नाही. बाणांचा भाता आणि लोहाराचा भाता हे दोन शब्द नाहीत, एकच आहे. मूळ शब्द भस्त्रा. भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. एकीत बाण भरायचे, दुसरीत वारा. गुरुजींना विचारा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भस्त्रा. होय, बरोबर आहे."

साहेबांचं हसू थांबलं. माणूस चौकस असावा. त्यांनी खुर्ची मागवली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग चालवूनच दाखवा की. आणि काय हो, बाणांच्या रांगेत ही एक जागा रिकामी का? नुसतीच पाटी आहे. क्षुरप्र."

"त्याचं फळ कसं असतं ते नक्की ठाऊक नाही," गुरुजींनी खरं ते सांगितलं.

आबांनी आगटी पेटवली. भाता ओढायला शिपाई उभा राहिला. त्यानं साखळी अशी हिसडली की राख उडून पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोळ्यांत गेली. मग एक दांडगा विद्यार्थी आला; त्याचा ओढा इतका बुळा की निखारा लालसुद्धा होईना. भाता ओढायला जोर लागत नाही, लय लागते. आबा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. मग मला राहवलंच नाही. मी पदर खोचला, त्या पोराला बाजूला केलं आणि साखळी हातात घेतली.

हात विसरले नव्हते. दोन ओढी झाल्या आणि तिसऱ्या ओढीला भाता घोरू लागला, घरी घोरतो तसा. निखारे पांढरे झाले. आबांनी जुन्या फाळाचा तुकडा आगीत सारला आणि खाली मान घालून विचारलं, "बाई, काय लिवलंय त्या बानाचं?"

मी ओढता ओढता शब्दच फोडून सांगू लागले. "क्षुर म्हणजे वस्तरा. वस्तऱ्यासारखी धार."

"टोक?"

"वस्तऱ्याला टोक कुठलं? टोक नाही. पुढं रुंद, चपटं. आडवी धार."

"मान बारीक आसंल मग. दांड्यात ठोकाया शेपूट पायजे."

त्यांनी लाल तुकडा ऐरणीवर घेतला. घाव पडू लागले. पुढचा भाग पसरत गेला, मागं मान निमुळती झाली, मग शेपूट निघाली. पुन्हा आगीत, पुन्हा ऐरणीवर. धार काढली, पाण्यात बुडवलं, चर्र झालं. आबांनी सांडशीत धरून ते वर उचललं आणि स्वतःच चमकून बघत राहिले.

तेवढ्यात पोरं एका आवाजात ओरडली, "खुरपं! खुरपं!"

शेतकऱ्यांची पोरं ती. त्यांना कोण फसवणार? सुट्टीच्या दिवशी त्याच हत्यारानं गवत काढणारी. खुरपंच होतं ते, मान न वाकवलेलं. माझे हात साखळीवर तसेच थांबले. क्षुरप्र. खुरपं. मी दोन्ही शब्द तोंडात घोळवले. एक मी कोशात पाठ केला होता आणि दुसरं आमच्या घरात दर सुगीला पाच-पन्नास तयार होत होतं, आणि दोन्ही एकच आहेत हे मला पदवी घेऊनही सुचलं नव्हतं.

गुरुजी उठून ऐरणीपाशी आले. ते गरम आहे म्हणून आबांनी हात आडवा धरला. गुरुजी वाकून न्याहाळत राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

"क्षुरप्र," ते म्हणाले. "प्राकृतात खुरप्प. मराठीत खुरपं." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी हा शब्द मुलांना अर्धचंद्र म्हणून सांगत आलो. हे लोहाराच्या घरात होतं. माझ्या नव्हतं."

साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ते खुश झाले होते, दिसतच होतं. माझी जागा पक्की होत होती, तीही दिसत होती. तेवढ्यात त्यांनी घाम पुसणाऱ्या माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, संस्कृताचं समजलं. पण भाता ओढायला कुठं शिकलात?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. "खेड्यातल्या पोरी वढत्यात की साहेब. बाई आमच्या गावच्या हायेत. वळखीच्या."

वळखीच्या! सगळं अंगण टाळ्या वाजवतंय, गुरुजींसारखा माणूस समोर नमलाय, आणि अजूनही हा माणूस दिलेल्या शब्दाला जागून मला परकी म्हणतोय. गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत होतं. एक वाक्य गिळायचं, बस्स. पण माझ्यानं ते गिळवेना.

"ओळखीची नाही, साहेब," मी म्हणाले. आवाज चढला तो चढलाच. "मी ह्यांची लेक आहे. हे माझे वडील. पाचव्या वर्षापासून हा भाता मी ओढते आहे. हा ओढतच मी शब्द पाठ केले. सुगीतली भट्टी विझवून ते माझ्यासाठी इथं आलेत, आणि मी तीन आठवडे सगळ्यांना गावचा लोहार, गावचा लोहार म्हणून सांगत होते. घोटाळा झाला तो एवढाच."

हेडमास्तर बुटांकडे बघू लागले. आबा दातांत ओठ धरून पुटपुटले, "आगं, काय केलंस हे! नोकरी जाईल की."

"जाऊ दे," मी म्हणाले. आणि खरंच सांगते, त्या वेळी गेली असती तरी चाललं असतं मला.

गुरुजींनी उपरणं सावरलं. आबांना त्यांनी विचारलं, "या तुमच्या कन्या?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मघाशी वाकलेला माणूस पुन्हा सरळ झाला, पुरा सहा फूट.

"व्हय. माझी थोरली हाय. सौंस्कृत शिकवती."

"शिकवतात खऱ्या," गुरुजी म्हणाले. "चांगलं शिकवतात."

साहेब उठले आणि आपली खुर्ची त्यांनी आबांकडे सरकवली. आबा काही बसले नाहीत. ऊन चढायच्या आत ऐरण गाडीत घालायची आहे म्हणाले.

कायमचा कागद जूनमध्ये आला, गुरुजींच्या शिफारशीवर. आत्यानं तोंड वाकडं केलं आणि चौथी नापास नवऱ्याला दुसरीकडे बघायला सांगितलं. पोरं काही दिवस मला मागून लोहारीणबाई म्हणत. एकदा मीच वर्गात म्हटलं, पुढून म्हणा, मला आवडतं. मग त्यांची मजाच गेली.

पण हे सगळं नंतरचं. तपासणीनंतरच्या रविवारी मी गावी गेले तेव्हा दारात माणसांची गर्दी होती. भाता उपसून, नेऊन, परत आणून पुन्हा रोवण्यात तीन दिवस भट्टी बंद राहिली होती आणि विळ्यांचा ढीग छातीला लागला होता. एक शेतकरी तोंडाचा पट्टा सोडून उभा होता. रानात गहू वाळून चाललाय, आन ऐन सुगीत भट्टी विझवून हा बाबा तीन दिस गायब! कुठं गेल्ता तेवढं तरी सांग!

आबांनी हातातला घाव पुरा केला. विळा उलटा करून धार बघितली. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं नव्हतं.

"लेकीच्या साळंत गेल्तो," ते म्हणाले. "शिकवाया."